पाणपोईवर पेला कोणता? धावण्याच्या शर्यतींसाठी मिळणाऱ्या कपांचं परीक्षण

10 किलोमीटरची शर्यत, 1000 धावपटू, वाटेत 3 पाणपोया आणि शेवटाला 1. म्हणजे 4000 पेले. पण मुंबईच्या दमट हवेत दर दुसरा माणूस एक पेला पितो आणि दुसरा डोक्यावर ओततो, त्यामुळे ऑर्डर 6000 ची द्यावी लागते. अर्धमॅरेथॉनला दर 2 किलोमीटरला पाणी ठेवलं तर हाच हिशेब 15,000 वर जातो. एकेक पेला हातात राहतो जेमतेम अर्धं मिनिट.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. कार्बनचा हिशेब मांडला तर शर्यतीचा सगळ्यात मोठा भार पेल्यांचा नसतो, तो धावपटूंच्या येण्याजाण्याचा असतो. पहिली लोकल पोहोचायच्या आत सुरुवातीची वेळ ठेवली की विरार-कल्याणचा माणूस टॅक्सी किंवा गाडीनेच येणार. मग पेला कागदाचा होता की सोन्याचा, याने फारसा फरक पडत नाही. तेव्हा वेळापत्रक पाहून वेळ ठरवा आणि रविवारचा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत लोक परतीच्या गाडीत बसतील असं बघा. पण रस्त्यावर, गटारात आणि समुद्रात जे दिसतं ते पेल्याचंच असतं, आणि ते पूर्णपणे आयोजकाच्या हातात असतं. म्हणून हे परीक्षण पेल्यांचं.

कागदी पेला आधी निकालात काढू. तो नुसता कागद नसतोच. आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर पाणी मिनिटभरात झिरपेल. हा थर कागदापासून पुरता वेगळा होत नाही, म्हणून भंगारवाला तो रद्दीच्या भावात घेत नाही. एक जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे पेले बंद झाले आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राने प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी पेल्यांवर आणि ताटांवरही बंदी आणली. राज्याच्या 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला 5000, दुसऱ्याला 10,000 रुपये दंड आहे. पुरवठादार ‘पेपर आहे साहेब, चालतो’ म्हणतो, तेव्हा एक पेला फाडून आतली बाजू नखाने खरवडा. पापुद्रा सुटला की उत्तर मिळालं.

दुसरा घोटाळा वाऱ्याचा. मुंबईत बहुतेक शर्यती पहाटे होतात आणि हिवाळ्यात पहाटे वारे मतलई असतात, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे. खारे वारे सुरू व्हायला दुपार जवळ यावी लागते. मरीन ड्राइव्हला टाकलेला रिकामा पेला त्यामुळे इमारतींकडे न जाता कठड्याकडे जातो आणि टेट्रापॉडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, फटींत पडतो. तिथून तो काढायला माणूस उतरवणं धोक्याचं आहे. ‘शर्यत संपल्यावर झाडून घेऊ’ हे आश्वासन किनाऱ्यालगतच्या मार्गावर निम्मं खोटं असतं, ते यामुळे.

ऊसाच्या चोथ्याचे किंवा ‘बायोडिग्रेडेबल’ पेले यापेक्षा बरे, असं वाटतं खरं. चोथ्याचा पेला कंपोस्ट होतो, पण पीएलएचा (वनस्पतींपासून केलेल्या प्लॅस्टिकचा) थर दिलेल्या पेल्याला आठवडेच्या आठवडे 55 ते 60 अंश उष्णता लागते. सोसायटीच्या खतखड्ड्यात ती मिळत नाही आणि कांजुरमार्गच्या कचराभूमीला जाणाऱ्या मिश्र कचऱ्याच्या गाडीत तर नाहीच. घ्यायचेच असतील तर आयएस 17088 चं (कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या भारतीय मानकाचं) प्रमाणपत्र मागा, आणि पेले शेवटी नेमके कोणत्या कंपोस्ट प्रकल्पात जाणार ते लेखी घ्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पहिला कागद शोभेचा.

200 मिलीच्या बाटल्यांबद्दल दोनच वाक्यं. अर्धी पिऊन फेकलेली बाटली रस्त्यावर गडगडते आणि मागून येणाऱ्याचा घोटा मुरगळतो. आत पाणी राहिलेल्या बाटल्या दाबून गठ्ठा करता येत नाहीत, म्हणून भंगारातही त्यांना किंमत नाही.

समुद्री शेवाळापासून केलेल्या, आवरणासकट खाता येणाऱ्या, पेय भरलेल्या पुड्या 2019 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये एका टप्प्यावर 30,000 हून अधिक वाटल्या गेल्या. कल्पना छान आहे. पण पुडी आवरणासकट तोंडात घालायची असते, म्हणजे ती देणारा हात स्वच्छ हवा, आणि ती फार दिवस टिकत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात उघड्या टेबलावर मांडायची ही वस्तू नव्हे. आणि कुल्हडाचा मोह होत असेल तर आवरा: फुटलेल्या मातीच्या खापऱ्या आणि पळणारे पाय एका रस्त्यावर नकोत.

मऊ कप: घ्यावा असा, पण बघून

आता खरा उमेदवार. धावपटूने स्वतःजवळ बाळगायचा, चपटा होणारा, 200 मिलीचा मऊ कप. डोंगरी शर्यतींत ही पद्धत रुळलेली आहे. आल्प्समधल्या यूटीएमबी या डोंगरी शर्यतीच्या सक्तीच्या सामानात किमान 150 मिलीचा स्वतःचा पेला असतोच. शहरातल्या शर्यतींनी ती आता उचलायला हरकत नाही.

बाजारात याचे दोन प्रकार मिळतात आणि दिसायला दोन्ही गोजिरवाणे. एक म्हणजे घड्या घड्यांचा, दाबला की चकतीसारखा बसणारा, वर बहुधा झाकण असलेला. हा प्रवासाला ठीक, धावायला नको. घड्यांत मळ आणि सरबताचा चिकटपणा साठतो, आठवड्यात काळे ठिपके येतात. शिवाय पळता पळता बोटांचा दाब पडला की कप अर्ध्यातच मिटतो आणि पाणी बनियनवर.

दुसरा म्हणजे विनाघडीचा, पातळ भिंतीचा, पिळता येणारा. हाच घ्यायचा. त्याचं तोंड चिमटीत दाबलं की चोच तयार होते आणि पळत असतानाही घोट नाकात न जाता तोंडात जातो. रिकामा झाला की चुरगळून पट्ट्यात किंवा चड्डीच्या खिशात. पुढच्या पाणपोईवर झटकला की पुन्हा उभा.

नमुना मागवल्यावर काय बघायचं? तोंड किमान 7 सेंटिमीटर रुंद हवं. त्याहून अरुंद असेल तर जगाची, म्हणजे पाणी ओतायच्या भांड्याची, धार बाहेर जाते. बोट घालायची कडी अशी हवी की घामट तर्जनी सहज आत जाईल आणि पिनने ती बिबच्या (छातीवरच्या क्रमांकाच्या) पट्ट्यालाही अडकवता येईल. 150 मिलीची खूण उठावाची असावी, छापील नको. कप 200 चा आणि ओतायचं 150, कारण चालत्या हातात काठोकाठ भरलेला पेला राहत नाही. रंग भडक घ्या: नारिंगी किंवा पोपटी. पारदर्शक कप पहाटेच्या डांबरावर पडला तर सापडत नाही.

साहित्यात सिलिकॉन की टीपीयू (एक लवचिक प्लॅस्टिक), हा प्रश्न येतो. सिलिकॉन उकळत्या पाण्यात घालता येतं, वर्षानुवर्षं टिकतं, पण जरा जाड आणि जड. टीपीयू हलकं आणि पातळ, पण कडकडीत पाण्यात घातलं की आकार बिघडतो, आणि स्वस्त मालात शिवणीच्या जोडावर फाटतं. हजार कप एकत्र धुवायची वेळ येणार असेल तर सिलिकॉन. धावपटू आपापला कप घरी नेणार असेल तर दोन्ही चालतील. सिलिकॉनची घरगुती परीक्षा अशी: भिंत चिमटीत धरून पिरगळा. पांढरी रेघ उमटली तर भेसळ भरपूर. मग त्यात गरम पाणी घालून 10 मिनिटं झाकून ठेवा आणि वास घ्या. रबराचा वास आला तर परत पाठवा.

ऑर्डर देताना तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, कपावर वर्ष आणि तारीख छापू नका. नुसतं नाव छापलं तर उरलेले 200 कप पुढच्या वर्षी चालतात. तारीख छापली तर ते त्याच संध्याकाळी कचरा. दुसरी, पुरवठादार सवयीने प्रत्येक कप वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पाठवतो. प्लॅस्टिक वाचवायला घेतलेल्या कपाबरोबर हजार पिशव्या येणं हा विनोद टाळायचा असेल तर ‘100 कप एका खोक्यात, सुटे’ असं ऑर्डरवरच लिहा. तिसरी, नोंदणीच्या फॉर्मवर ‘माझ्याकडे कप आहे’ हा पर्याय ठेवा. दर शर्यतीला नवा कप वाटला तर टी-शर्टचंच दुखणं कपाला लागलं. वर्षाला आठ शर्यती धावणाऱ्याच्या कपाटात टी-शर्टचा ढीग असतोच. कप हवा असेल तर टी-शर्ट नको, अशी अदलाबदल ठेवली तर खर्चाचं गणितही बसतं.

कप चांगला, पण ओतणार कोण?

बिनपेल्याच्या शर्यती फसतात त्या कपामुळे नाही, गर्दीमुळे. कागदी पेले आधी भरून मांडून ठेवता येतात. इथे प्रत्येकाच्या कपात त्या क्षणी ओतावं लागतं.

वरच्याच 1000 जणांचा हिशेब घ्या. पहिली पाणपोई अडीच किलोमीटरवर. सगळ्यात वेगवान माणूस किलोमीटरला साडेचार मिनिटं घेतो, शेवटचा साडेआठ. म्हणजे पहिला 11 व्या मिनिटाला येतो आणि शेवटचा 21 व्या. सुरुवातीच्या रेषेवरचा खोळंबा धरून सगळा लोंढा 12 मिनिटांत येऊन जातो आणि ऐन गर्दीत मिनिटाला 120 जण असतात. जगाने एक पेला भरायला 2 सेकंद, पुढच्याकडे वळायला 2, म्हणजे एक स्वयंसेवक मिनिटाला 15 कप भरतो. आठ माणसं हवीत. जारच्या तोटीने हेच काम करायला निघालात तर दीडशे मिलीला 5 सेकंद जातात, त्यात थांबणं-सरकणं आलं, आणि 16 तोट्या लागतात. म्हणून तोटी नको, जग हवा.

पुढे गर्दी विरळ होते. साडेसात किलोमीटरवर हेच लोक अर्ध्या तासात विखरून येतात, तिथे चार ओतणारे पुरतात. सगळ्या पाणपोयांवर सारखी माणसं वाटून देणं ही नेहमीची चूक. पहिल्या पाणपोईवर रांग लागते आणि तिसरीवर स्वयंसेवक सेल्फी काढत असतात. 250 च्या चार तुकड्या 5-5 मिनिटांच्या अंतराने सोडल्या तर पहिल्या पाणपोईचाही ताण निम्म्यावर येतो.

पाण्याचा वेग मात्र भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. मिनिटाला 120 कप म्हणजे 18 लिटर, म्हणजे जवळपास मिनिटाला 20 लिटरचा एक जार. जार उचलून जगात पाणी ओतणारा माणूस चौथ्या जारला कंबर धरतो. त्यापेक्षा 500 लिटरची टाकी, तिला खाली 1 इंची दोन कॉक. टाकी 1 मीटर उंचावर असली तर 2 लिटरचा जग चार-पाच सेकंदांत भरतो. भरलेली टाकी अर्ध्या टनाहून जड होते, तेव्हा मंडपवाल्याच्या टेबलावर ती ठेवू नका. लोखंडी घोडा किंवा विटांचा ओटाच लागतो. लोंढा यायच्या आत 40 जग भरून ठेवले की पहिली चार मिनिटं निर्धास्त. एकूण पाणी किती लागतं? हजार जणांना दीडशे मिलीप्रमाणे 150 लिटर, निम्मे लोक दोनदा घेतात, थोडं सांडतं: 300 लिटर धरा.

डोक्यावर ओतायचं पाणी वेगळ्या टबात, मगासकट, पाणपोईच्या शेवटी. पाटी मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात: ‘पिण्याचं नाही’. एवढ्याने पिण्याच्या पाण्याची मागणी लक्षणीय घटते. रस्त्यावर पसरणारे फोमचे स्पंजही मग लागत नाहीत.

पाणी टँकरचं असेल तर ते महापालिकेच्या जोडणीचं आहे की बोअरवेलचं, हे विचारा आणि क्लोरोस्कोपने, म्हणजे क्लोरीन मोजायच्या साधनाने, तपासा. उरलेला क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी दिसला पाहिजे. जार घेणार असाल तर झाकणाचं सील आणि आयएसआय खूण बघा. थंडगार जार म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच जारांवर दोन्ही नसतं. जगाचं तोंड कुणाच्याही कपाला लागता कामा नये, चार बोटं वरून धार. आपल्याकडे वरून पाणी पिण्याची सवय आहेच, ओतण्याचीही लावायची. 2 लिटरचा जग हातात धरून मनगट 20 मिनिटांत भरून येतं, म्हणून ओतणाऱ्यांची अदलाबदल आधीच ठरवा.

क्षारांचं पाणी पुड्यांनी वाटू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी लिटरला 20.5 ग्रॅमची असते. 20 लिटरच्या जारला 410 ग्रॅम लागतात, ते घाऊक डब्यातून मोजून पहाटे कालवा आणि दिवस संपायच्या आत संपवा. त्याची पाणपोई साध्या पाण्याच्या आधी ठेवा, नंतर नाही. मग साध्या पाण्याने कप आपोआप विसळला जातो.

आणि एक अपवाद न लाजता करा. कप विसरलेल्या, हरवलेल्या किंवा चक्कर येणाऱ्या माणसाला पाणी नाकारायचं नाही. दर 20 धावपटूंमागे 1 जास्तीचा मऊ कप पाणपोईवर ठेवा, आणि वैद्यकीय टेबलावर चोथ्याचे 50 पेले बंद पाकिटात, प्रमुखाच्या ताब्यात. टेबलावर उघडे ठेवले तर पाच मिनिटांत संपतात. पावसाळी शर्यतींत साचलेल्या पाण्यात पडलेला कप उचलून पुन्हा वापरू देऊ नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका आहे, तिथल्या तिथे बदलून द्या.

भाड्याचे कडक कप

मऊ कप कुणाला नकोत? पहिल्यांदाच धावणारे, कंपन्यांचे गट आणि शाळकरी मुलं यांनी भरलेल्या 5 किलोमीटरच्या मजेच्या धावेला. सूचनांचा मेल कुणी वाचत नाही आणि अर्धे लोक रिकाम्या हाताने येतात. तिथे भाड्याने मिळणारे, पुन्हा पुन्हा वापरायचे पॉलिप्रॉपिलीनचे कडक कप बरे. एकात एक बसतात, क्रेटमध्ये येतात, पडले तरी सहसा फुटत नाहीत.

ही सेवा चांगली की वाईट, हे कपावरून कळत नाही, धुण्यावरून कळतं. कंत्राट करण्याआधी धुण्याची जागा बघायला जा. तीन टब हवेत: साबण, साधं पाणी, निर्जंतुकीकरण. तिसऱ्या टबात लिटरला 100 मिलिग्रॅम क्लोरीन हवा, म्हणजे 100 लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर साधारण 30 ग्रॅम. ‘ताजी’ हा शब्द महत्त्वाचा. मुंबईच्या दमटपणात उघडलेल्या पिशवीतली पावडर महिन्याभरात मंदावते, मग मापाने घालूनही उपयोग नाही. टेस्ट स्ट्रिप वापरतात का ते विचारा. कप फडक्याने पुसत असतील तर काढता पाय घ्या. जाळीवर उपडे, पंख्याखाली, पूर्ण कोरडे होईपर्यंत, हीच पद्धत. ओले कप एकात एक घातले की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर हमखास. वाकवल्यावर पांढऱ्या रेघा राहिलेले किंवा ओठाला लागेल अशी चीर गेलेले कप बाजूला काढतात का, तेही बघा.

मार्गावर कप गोळा करायचं काम डबे करत नाहीत, अंतर करतं. माणूस पाणी पिऊन संपवतो ते पाणपोईनंतर 50 ते 100 मीटरवर. डबे टेबलाला चिकटून ठेवले तर कप रस्त्यावरच पडणार. 30 मीटरवर पहिली जाळी, मग 60 आणि 100 वर, आणि शेवटच्या जाळीवर ठळक पाटी: ‘यापुढे जाळी नाही’. मासळीवाल्यांची जुनी जाळी बांबूच्या चौकटीला बांधली की लांबूनही कप भिरकावता येतो आणि लोकांना नेम साधायला आवडतं. केळ्यांच्या सालींना वेगळा डबा, त्याच जाळीत नको. एक साल 100 कपांचं धुणं वाढवते. भाडं ठरवताना परत न आलेल्या कपाची भरपाई किती, हा आकडा आधी लिहून घ्या. भांडण नेहमी तिथेच होतं.

स्टीलचे ग्लास मार्गावर नकोत, पायाखाली आले तर घसरतात. पण शेवटाच्या मंडपात त्यांना तोड नाही. पोहे-उपम्यासाठी कॅटररची स्टीलची ताटं नाहीतर पत्रावळी आल्या की त्या कोपऱ्यातला कचरा जवळजवळ ओलाच उरतो.

वॉर्ड ऑफिसला आधी कळवणं ही नुसती औपचारिकता नाही. बिनपरवाना जागेत 100 हून अधिक माणसं जमणार असतील तर किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा जागीच वेगळा करायचा, हे घनकचरा नियमांतच आहे. अर्जाबरोबर गाडी किती वाजता आणि कोणत्या फाटकाशी यायची तेही ठरवून घ्या. नाहीतर नीट वेगळा केलेला ओला-सुका दुपारी एकाच गाडीत जातो. गोणी गाडीत चढवण्याआधी सामान तोलायच्या लटकत्या काट्यावर वजन करून वहीत मांडा. पुढच्या वर्षी किती कप, किती माणसं लागतील, ते त्या वहीतूनच कळतं.

मऊ कपाची एक खोड तेवढी राहिली. सिलिकॉन वास धरतं. वेदनाशामक स्प्रे आणि बामाच्या डबीबरोबर तो पिशवीत टाकला की पुढच्या शर्यतीत पाण्याला निलगिरीची चव येते. चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी उन्हात उपडा करा आणि सुती पिशवीत वेगळा ठेवा.